ताईला जेलमधून बीए करायचंय, कागदपत्रं सासरी अडकलीत. कुणाला प्रोसेस माहितीये का?

धाकटी_पाती

नमस्कार. मी इथे एरवी फक्त वाचते, रेसिपीचे धागे आणि भाड्याच्या घराचे, लिहीत कधीच नाही. आज लिहितीये आणि तेही असल्या विषयावर, म्हणून नवीन आयडी काढलाय, ओळखलंत तरी ओळख दाखवू नका प्लीज.

माझी मोठी ताई गेली सहा वर्षं आत आहे. जन्मठेप आहे, कलम ३०२, हायकोर्टात अपील दाखल आहे पण जामीन मिळाला नाही. केस काय, कोण बरोबर कोण चूक ते इथे नको, त्यावर घरात पुरेसं झालंय. कुठल्या जेलमध्ये तेही लिहीत नाही, महाराष्ट्रातलंच आहे.

तर झालं असं की दर मुलाकातीला ताईची यादी ठरलेली असते, परकराची नाडी, रबरी चप्पल, खोबरेल तेल चालतं का विचार, आईची शुगर किती, बास. मागच्या महिन्यात काचेपलीकडून फोन उचलला आणि पहिलं वाक्य काय तर माझं बारावीचं मार्कशीट शोध. मला वाटलं वकिलाने मागितलं असेल. तर म्हणे मला बीए करायचंय, बॅरेकमधली एक बाई करतीये, तिच्या पुस्तकांवर माझा डोळा आहे. ताई लग्न झालं तेव्हा एसवायला होती, विसाव्या वर्षी लग्न, परीक्षा राहिली ती राहिलीच. आता चौतीस पूर्ण.

अडचण अशी की तिचं सगळं, दाखला, मार्कशीट, लग्नाचा दाखला, सगळं सासरच्या कपाटात. ते लोक आमचा फोन उचलत नाहीत आणि उचलला तर जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर बारावीला माहेरचं नाव, आधारला सासरचं, जेलच्या रेकॉर्डला पण सासरचंच. आणि एसवायपर्यंतचं झालेलं धरतात का की परत पहिल्यापासून? डिग्रीवर जेलचं नाव येतं का? बाहेरून कुणीतरी सांगितलं की शिकलं की शिक्षा कमी होते, खरं आहे का?

आई म्हणते बीए करून काय कलेक्टर होणारे का ती, त्या पैशात वकील बघ. बाबा काहीच बोलत नाहीत. मला स्वतःला कळत नाहीये की मी ताईला उगाच आशा दाखवतीये का.

निवृत्त_मास्तर

पोरी, आधी कागदांचं बोलू, बाकीचं नंतर. मी नोकरीची शेवटची अकरा वर्षं जेलमधल्या शाळेवर होतो, तिथे सगळे मला गुरुजीच म्हणायचे, साहेब लोकसुद्धा. आता रिटायर आहे म्हणून मोकळेपणी लिहितो.

सासरच्या दारात जाऊच नका. तुम्हाला वाटतंय सगळं तिकडे अडकलंय, पण जरा आठवा, ताईने एफवायला अॅडमिशन घेतली तेव्हा ज्युनिअर कॉलेजचा ओरिजिनल दाखला त्या सीनिअर कॉलेजने जमा करून घेतला असणार. घेतातच. सासरी गेली असेल ती झेरॉक्स. म्हणजे दाखला कॉलेजच्या रजिस्टरला आहे, तिथून टीसी काढायची, ताईची सही आणि अधीक्षकांचा शिक्का असलेलं अधिकारपत्र घेऊन तुम्ही जा. राहिलं मार्कशीट. बोर्डाची दहावी बारावीची मार्कशीट आता बोर्डाच्या साइटवरून ऑनलाइन काढता येतात, ताईच्या वयाच्या लोकांची तर नक्कीच निघतात, सीट नंबर आणि वर्ष पाहिजे. सीट नंबर आठवत नसेल तर कॉलेजच्या जनरल रजिस्टरवरून माग काढा. ते पण नाही जमलं तर विभागीय बोर्डात डुप्लिकेटचा अर्ज. वेळ लागतो, पण यात दिराचं तोंड बघायची गरज कुठेच नाही.

नावाचं म्हणाल तर अॅडमिशन बारावीच्या नावानेच घ्यायची. डिग्रीवर तेच नाव यायला हवं म्हणजे पुढे साखळी तुटत नाही. जेलच्या वॉरंटवर सासरचं नाव आहे, तर दोन्ही नावांची बाई एकच असं पत्र अधीक्षक देतात, सोबत प्रतिज्ञापत्र लागलं तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट होतं. पुरुष कैद्याला हा त्रास नाही हो, त्याचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच. माझ्याकडे बायकांचे जेवढे फॉर्म अडकले त्यातले निम्मे नावावरून अडकले.

विद्यापीठ कुठलं? मराठीतून शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ चं आहे. दुसरं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, ते १९८५ चं, पण तिथे बीए मुख्यतः हिंदी किंवा इंग्रजीतून. इग्नू कैद्यांकडून फी घेत नाही. तिहारमध्ये त्यांनी १९९४ ला सेंटर काढलं तिथून हे जेलचं प्रकरण सुरू झालं. पण आपण स्वतः ठरवून उपयोग नाही, ताई आहे त्या जेलमध्ये कुणाचं अभ्यास केंद्र चालू आहे तेच घ्यावं लागतं, नाहीतर परीक्षेला बाहेर न्यायला पोलीस पार्टी मागा, ती मिळत नाही मिळत नाही मिळत नाही आणि मिळाली तर पेपर सुरू होऊन तास झालेला असतो.

एसवायपर्यंतचं धरा म्हणून भांडू नका. चौदा वर्षांपूर्वीचा सिलॅबस, ते क्रेडिट जुळवण्यात वर्ष जाईल. पहिल्यापासून करा. आत वेळ कमी असतो असं कुणी म्हणणार नाही.

स्पष्ट_बोलतो

वाईट वाटून घेऊ नका पण विचारतोच. माझ्या मुलीच्या इंजिनिअरिंगला मी साडेचार लाखाचं कर्ज काढलंय. आणि खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना डिग्री फुकट, पुस्तकं फुकट आणि वर शिक्षेत सूट? ज्याचा जीव गेला त्याच्या घरच्यांनी काय करायचं, त्यांना कोण देतंय फुकट काय? मला ताईंबद्दल काही माहिती नाही, प्रिन्सिपल म्हणून विचारतोय.

शिवणटाका

@स्पष्ट_बोलतो तुमच्या मुलीला शुभेच्छा. कर्जाचा राग बँकेवर काढा ना.

धाकटी, मी आत होते. साडेतीन वर्षं. कच्ची कैदी म्हणून, म्हणजे खटला चालू असताना, नंतर निर्दोष सुटले. हे पहिल्यांदाच असं उघड लिहितीये, हात जरा कापतोय पण लिहिते कारण गुरुजींनी कागदांचं सांगितलं ते बरोबरच आहे पण आतलं कसं असतं ते कागदावर येत नाही.

मी इग्नूचं एमए चालू केलं होतं, बीए माझं आधीच होतं. आमच्या बॅरेकमध्ये त्रेचाळीस बाया, जागा पंचवीसची. संध्याकाळी बंदी झाली की सकाळपर्यंत दार बंद. लाइट रात्रभर चालू असतो, तो घालवत नाहीत, सगळ्या त्या लाइटला शिव्या घालतात, मी एकटी त्याच्या खाली जागा मिळावी म्हणून भांडायचे. टीव्ही नऊ साडेनऊला बंद झाला की मग दीड तास मिळायचा, त्यातही कुणाचं पोर रडतंय, कुणाची तारीख आहे उद्या तिला झोप नाही ती येऊन बसते, वाचतेयस का गं, काय लिहिलंय त्याच्यात. पहिले दोन महिने मला वाटायचं या मुद्दाम त्रास देतात. मग कळलं की त्यांना माझं पुस्तक नको होतं, त्यांना त्यांचा कागद वाचून हवा होता. चार्जशीट. एका आजीची चार्जशीट दोन वर्षं उशाला होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, आपल्यावर नेमका काय आरोप आहे ते तिला माहितीच नव्हतं, वकिलाने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. मी वाचून दाखवली. शेवटी आजी म्हणाली, हे मी नाहीच, ही कुणीतरी दुसरीच बाई आहे. त्यात तिचं वय पण चुकलं होतं.

त्यानंतर मी बॅरेकची अर्ज लिहिणारी झाले. जामिनाचा अर्ज, सरकारी वकील मिळावा म्हणून अर्ज, मुलाला शाळेतून काढू नका म्हणून मुख्याध्यापकांना पत्र. तुझ्या आईला सांग, कलेक्टर होणार नाही तुझी ताई, पण आत ज्या बाईला नीट अर्ज लिहिता येतो तिला कुणी ढकलत नाही. नळावर पण नाही. हे बाहेर बसून नाही कळायचं.

आता वाईट बाजू. माझे दोन पेपर बुडाले, कारण त्याच दिवशी कोर्टाची तारीख होती आणि मला न्यायला गाडी आली. मी म्हटलं पेपर आहे, हवालदार बाई म्हणाल्या तुझा पेपर मोठा की जज मोठा. जजनी त्या दिवशी पुढची तारीख दिली, दोन मिनिटांत. ताई पक्की, शिक्षा लागलेली, आहे म्हणजे तिला तारखांचा त्रास नाही, तो एक फायदाच म्हण, असा फायदा कुणाला नको पण आहे. तिला धोका ट्रान्सफरचा. एका जेलमधून दुसऱ्यात हलवलं की तिथे अभ्यास केंद्र असेलच असं नाही आणि असाइनमेंटच्या वह्या कुठे गेल्या ते देवाला माहीत. म्हणून एक काम कर, ताईला सांग असाइनमेंट लिहिली की देण्याआधी तिची नक्कल करून ठेव, हाताने, झेरॉक्स विसर. कंटाळा येतो पण अभ्यास पण होतो.

डिग्रीवर जेलचं नाव येत नाही. माझ्या मार्कशीटवर एन्रोलमेंट नंबर आहे, जेल कुठेच नाही. मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा उलटी करून मागची बाजू पण बघितली होती.

काळा_कोट

वकील आहे, फौजदारी बघतो. माफीच्या प्रश्नावर नीट लिहितो कारण यात बाहेर फार गैरसमज आहेत आणि काही लोक त्यावर पैसे पण उकळतात.

महाराष्ट्रात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याने परीक्षा पास केली, दहावी बारावी असो की पदवी, तर तुरुंग प्रशासन विशेष माफी देतं, ९० दिवसांपर्यंत. म्हणजे हक्काने कापून मिळतात असं नाही, प्रस्ताव जातो, वर्तन बघतात, वरून मंजुरी येते. कच्च्या कैद्याला माफी हा प्रकारच नाही, शिक्षाच नाही तर माफी कशाची. देशात तुरुंगात असलेल्यांपैकी चारात तीन कच्चे आहेत हे लक्षात घ्या, २०२२ च्या एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, आकड्यांत ५ लाख ७३ हजारांपैकी ४ लाख ३४ हजार. @स्पष्ट_बोलतो, तुम्ही ज्यांना गुन्हेगार समजताय त्यातल्या बहुतेकांचा खटला संपलेलाच नाही.

आता ताईंचं. जन्मठेप ३०२ खाली. सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३३अ, जे आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७५ आहे, ते म्हणतं की ज्या गुन्ह्याला फाशी ही पण एक शिक्षा आहे त्यात जन्मठेपेच्या कैद्याला प्रत्यक्ष १४ वर्षं काढल्याशिवाय सरकारला शिक्षा माफ करून सोडता येत नाही. प्रत्यक्ष म्हणजे प्रत्यक्ष, त्यात माफीचे दिवस मोजत नाहीत. म्हणजे बीएमुळे ताई १४ च्या आत बाहेर येणार नाहीत, हे आत्ताच त्यांना सांगा, नंतर कळलं तर अभ्यास सोडतील. पण १४ नंतर सुटकेचा प्रस्ताव होतो तेव्हा सरकारच्या जीआरप्रमाणे कैद्याची कॅटेगरी ठरते, एकूण किती वर्षं ते माफीसकट मोजतात, तिथे हे दिवस उपयोगी पडतात, आणि आत राहून काय केलं हा रिपोर्ट पण तिथेच लागतो. अपील चालू आहे म्हणून शिकायला काही आडकाठी नाही. अपिलात निर्दोष सुटल्या तर माफीचा प्रश्नच राहत नाही, डिग्री मात्र राहते.

दुसरं, कुणाची केस एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याची, असेल आणि हा धागा वाचत असेल तर. त्या कायद्यात कलम ३२अ आहे, त्याखाली झालेल्या शिक्षेत माफी मिळत नाही. २००० साली सुप्रीम कोर्टाने दादू विरुद्ध महाराष्ट्र शासन या केसमध्ये त्या कलमाचा काही भाग उडवला, कोर्टाचा शिक्षा स्थगित करायचा अधिकार परत आला, पण माफीची बंदी तशीच राहिली. मुंबईकडच्या बायकांच्या जेलमध्ये या केसेसच्या बऱ्याच जणी भेटतात, त्यांना कुणीतरी "शीक, सूट मिळेल" सांगतं आणि नंतर त्या मला विचारतात माझे ९० दिवस कुठे गेले.

आणि कच्च्या कैद्यांना शिकता येतच नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने तळोजा जेलमधल्या एका अंडरट्रायलला, म्हणजे कच्च्या कैद्याला, लॉ कॉलेजला प्रवेश घ्यायची परवानगी दिली, सीईटी पास झालेला होता तो. शिक्षणाची संधी नाकारणं म्हणजे मूलभूत हक्कावर गदा असं कोर्टाचं म्हणणं होतं.

स्पष्ट_बोलतो

चारात तीन कच्चे हे माहिती नव्हतं, मान्य. पण माझा प्रश्न पक्क्यांबद्दल होता आणि तो तसाच आहे. मयताच्या घरच्यांना काय?

काळा_कोट

पीडितांच्या नुकसानभरपाईची योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. ती नीट राबवली जात नाही ही तुमची तक्रार असेल तर मी पण तुमच्या बाजूने सही करतो. पण ताईंची फी माफ केली नाही तर ते पैसे त्या घराला जाणार आहेत असं थोडंच आहे.

निवृत्त_मास्तर

वाद चालू द्या, मला एक वेगळं लिहायचंय, परवा लिहिताना राहिलं.

वर मी लिहिलं की जेलमध्ये अभ्यास केंद्र असेल तेच घ्या. पण पोरी, एक गोष्ट आधी विचारून घे, ते केंद्र बायकांच्या बाजूला आहे का. हा फरक फार मोठा आहे आणि कुणी सांगत नाही. बहुतेक जेल ही पुरुषांची, त्यात एका कोपऱ्यात भिंत घालून महिला विभाग. बायकांसाठी वेगळी जेल हातावर मोजण्याइतकी, येरवडा, भायखळा वगैरे. देशात बाई कैदी म्हणजे शंभरात चार. मग होतं काय, शाळा पुरुषांकडे, लायब्ररी पुरुषांकडे, कॉम्प्युटर असला तर तोही तिकडेच. महिला विभागात वीस पंचवीस जणी, त्यातल्या शिकणाऱ्या दोघी, दोघींसाठी कोण वर्ग काढणार? मी स्वतः आठवड्यातून दोनदा त्या बाजूला जायचो, महिला शिपाई सोबत पाहिजे, त्या सुट्टीवर असल्या की माझा वर्ग रद्द. दार उघडं ठेवून व्हरांड्यात बसायचं, चाळीस मिनिटं. पुरुषांना मी दिवसाला तीन तास शिकवत होतो.

आणि ज्या शिकायच्या त्यांची तऱ्हा निराळी. पुरुषांकडे बीए एमएची गर्दी, बायकांकडे माझ्या बहुतेक जणी चौथी पाचवीच्या. त्यांना १७ नंबरचा, बाहेरून परीक्षा द्यायचा, फॉर्म भरून दहावीला बसवायचो, पाचवी पास असलं की बसता येतं. भूमितीच्या पेपरला कंपास लागतो, त्याला टोक असतं, म्हणजे आत हत्यार. पेपरच्या वेळी मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे, सहा दिले सहा आले अशी रजिस्टरला नोंद. सरावाला मिळायचे नाहीत मग या बायका वाटीने वर्तुळ काढायच्या, भाजीच्या वाटीने. एक जण मला म्हणाली गुरुजी, परीक्षेत वाटी चालंल का, कंपासचं माझं नीट येत नाय. नाही चालली. पण पास झाली ती, भूमितीत काठावर.

सक्तमजुरी असेल तर अजून एक. काम करावंच लागतं, ताई शिवणात असेल किंवा स्वयंपाकात, वर्गाला गेली की तेवढी मजुरी बुडते. बाहेरच्यांना ते पैसे हास्यास्पद वाटतील पण त्याच पैशातून कँटीनचं साबण तेल येतं आणि कित्येक जणी त्यातून घरी मनीऑर्डर करतात. होय, आतून बाहेर. तेव्हा ताईच्या खात्यावर दरमहा जेवढी जमेल तेवढी मनीऑर्डर टाक, पाचशे का होईना, म्हणजे तिला मजुरी की वर्ग हे निवडावं लागणार नाही. आईंना सांगा वकिलाच्या पैशातून नका काढू, किराण्यातून काढा.

कोयना_काठ

मला यातलं काही माहिती नाही, पण गुरुजी वाटीचं वाचून मी ऑफिसात बसल्या बसल्या रडले. बास एवढंच.

शिवणटाका

गुरुजी, ते मजुरीचं अगदी खरं.

मुलांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. सहा वर्षांपर्यंत मूल आईजवळ आत राहू शकतं, २००६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, पाळणाघर बालवाडी असली पाहिजे असं पण त्यात आहे. २०२२ ला देशात असे सतराशेच्या वर मुलं होते आत आईसोबत. आमच्या बॅरेकमध्ये एक साडेचार वर्षाची होती. तिची आई सही पण करायची नाही, अंगठा. मी असाइनमेंट लिहायला बसले की ही पोरगी मांडीवर येऊन बसायची आणि माझ्या पुस्तकातली अक्षरं बोटाने गिरवायची. तिला क, म, ल यायला लागलं. मग आईला राग आला. माझ्यावर नाही, पोरीवर. मला येत नाही आणि तुला येतं काय गं. तिसऱ्या दिवशी ती आई पाटी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली हिच्या आधी मला शिकव, ही सहा वर्षाची झाली की जाणार बाहेर, मग पत्र कोण वाचणार माझं.

तिला लिहायला आलं का ते मला माहिती नाही, त्याआधी मी सुटले.

धाकटी_पाती

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. शिवणटाका ताई, तुमचं तीन वेळा वाचलं.

अपडेट देते. आज सुट्टी टाकून कॉलेजला गेले होते. गुरुजी तुम्ही म्हणालात तसंच झालं, क्लार्क म्हणाले दाखला आमच्याकडे जमा असणार, पण त्या वर्षाची रजिस्टरं जुन्या बिल्डिंगमध्ये आहेत, सोमवारी या, शिपाई काढून ठेवेल. कशासाठी पाहिजे विचारलं तर मी बहिणीला पुढे शिकायचंय म्हटलं. कुठे म्हणाले. मी म्हटलं मुक्त विद्यापीठ. खोटं नाही ना बोलले.

पण आता नवीनच लफडं. ऑनलाइन फॉर्म बघितला तर डेब आयडी मागतात, तो यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा, आणि एबीसी आयडी, तो क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा, दोन्हीला आधारचा ओटीपी लागतो. ताईच्या आधारला नंबर आहे दिराचा. लग्नानंतर त्यानेच काढून दिलेलं आधार. म्हणजे ताईने शिकायचं की नाही त्याचा ओटीपी त्या माणसाच्या मोबाइलवर जाणार. मी रिक्षात बसून हसायला लागले, रिक्षावाल्याने वळून बघितलं.

निवृत्त_मास्तर

अरे देवा. माझ्या वेळी हे नव्हतं, २०२४ पासून दूरशिक्षणाला डेब आयडी सक्तीचा केलाय. घाबरू नको, आधारचा नंबर बदलता येतो पण त्याला नुसता ओटीपी पुरत नाही, ताई स्वतः पाहिजे. जेलमध्ये आधारचे कॅम्प लागतात, ताईने अधीक्षकांकडे अर्ज द्यायचा की मोबाइल नंबर बदलायचाय, पुढच्या कॅम्पला नाव घ्या. नंबर तुझा दे. आणि त्याच कॅम्पला नावाचं पण बघून घे, बारावीच्या नावाशी आधार जुळलं तर पुढची सगळी कटकट वाचते. अर्जाची पोच घ्यायला सांग, पोच नाही तर अर्ज नाही.

काळा_कोट

ताईंना हा अर्ज लेखी द्यायला सांगा, तोंडी नको. पंधरा वीस दिवसांत काही झालं नाही तर विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटिअर आठवड्याला जेलमध्ये येतात त्यांच्याकडे नक्कल द्या. मुंबई किंवा आसपासचं जेल असेल तर टाटा इन्स्टिट्यूटचा प्रयास नावाचा प्रकल्प आहे, १९९० पासून याच कामात आहेत, त्यांच्या सोशल वर्करना ही असली कामं रोजची आहेत.

अजून एक कडू गोष्ट, विचारली नाहीत पण सांगतो. शिक्षा कायम राहिली तर सरकारी नोकरीची आशा ठेवू नका, पोलीस व्हेरिफिकेशनला अडेल. डिग्रीवर जेल लिहिलेलं नसलं तरी फॉर्मवर प्रश्न असतो आणि त्यात खोटं लिहिलं तर वेगळी भानगड. खासगीत, संस्थांमध्ये, स्वतःचं काही करायचं तर प्रश्न नाही.

स्पष्ट_बोलतो

तो आधारचा प्रकार मात्र अति आहे. बीएसएनएलचा जुना नंबर असेल तर तोही बंद असेल आता. धाकटीताई, माझं वरचं म्हणणं मी मागे घेत नाहीये, पण माझी मुलगी आर्टसचीच पुस्तकं आधी वाचायची, इतिहासाची चांगली सात आठ पडून आहेत घरी. कुरिअरचा खर्च मी करतो. चालतील का आत?

शिवणटाका

@स्पष्ट_बोलतो चालतात, पण पुठ्ठ्याच्या जाड बांधणीची नको, पुठ्ठा फाडून बघतात आत काही आहे का, त्यापेक्षा पेपरबॅक पाठवा. आतल्या पानांवर पेनने लिहिलेलं, खुणा, नावं काही असेल तर ते पण अडवतात, खोडरबराने जाईल तेवढं घालवा. आणि धाकटीकडे पाठवू नका, ती पत्ता देणार नाही आणि देऊ पण नये, मला मेसेज करा, मी बघते कसं पोचवायचं.

धाकटी, तुला शेवटची यादी. वह्या शंभर पानी, शिवलेल्या, स्पायरलची तार आत जात नाही. पेन साधं पारदर्शक बॉलपेन, एका वेळी दोनच. जेलपेन नको, नावावर जाऊ नकोस, जेलपेन जेलमध्ये चालत नाही, निदान आमच्याकडे चालायचं नाही, का ते मी साडेतीन वर्षं विचारलं. पट्टी प्लॅस्टिकची, सहा इंची. आणि चष्मा. ताई चौतीसची ना, त्या रात्रीच्या लाइटखाली वाचून डोळ्यांची वाट लागते, आतल्या डॉक्टरकडून नंबर काढून घे म्हणावं, फ्रेम बिन धातूची.

धाकटी_पाती

जेलपेनचं वाचून आई पण हसली. मी तिला धागा वाचून दाखवत होते, गुरुजींचं किराण्याचं वाक्य आल्यावर गप्प झाली. आत्ता आत जाऊन ताईची दहावीची ट्रॉफी शोधतीये, काही कारण नाही, म्हणे असेल कुठेतरी माळ्यावर.

@स्पष्ट_बोलतो काका थँक्यू, इतिहासच घ्यायचाय तिला.

सोमवारी कॉलेज, गुरुवारी मुलाकात. चष्म्याचा नंबर विचारायचा, आधारचा अर्ज सांगायचा, १४ वर्षांचं पण सांगायचं. ते कसं सांगू अजून ठरवलं नाहीये. वीस मिनिटं असतात.